शब्दचर्चा : ‘निरपेक्ष दारिद्र्य’ आणि ‘सापेक्ष दारिद्र्य’

मुद्रितशोधक, पणजी

पदवीच्या अर्थशास्त्राच्या मराठी टिपणांत दारिद्र्याचे दोन प्रकार येतात, निरपेक्ष आणि सापेक्ष. दुसऱ्याबद्दल तक्रार नाही. पण ‘निरपेक्ष’ म्हटले की आपल्याला ‘निरपेक्ष सेवा’ आठवते, म्हणजे परतफेडीची अपेक्षा न ठेवता केलेली. या निरपेक्ष दारिद्र्यालाच कुठे ‘केवल दारिद्र्य’, कुठे ‘आत्यंतिक दारिद्र्य’, तर कुठे ‘संपूर्ण दारिद्र्य’ असेही छापलेले दिसते. हे सगळे एकच का? आणि ‘गरिबी’ लिहावे की ‘दारिद्र्य’?

अंत्रुजकर, फोंडा

शेवटचा प्रश्न आधी उरकतो. दोन्हींच्या अर्थामध्ये फरक नाही, वजनात आहे. समासाला ‘दारिद्र्य’ सोयीचे : दारिद्र्यरेषा, दारिद्र्यदरी, दारिद्र्यनिर्मूलन. सुटा शब्द असेल तर ‘गरिबी’ खुशाल लिहावे. गंमत अशी की अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका, उपरा. आणि संस्कृत ‘दरिद्र’च्या मुळाशीही भटकणे हाच अर्थ सांगतात. लेखन मात्र ‘दारिद्र्य’ असेच, ‘द्र’ला ‘य’ जोडून. ‘दारिद्रय’ आणि ‘दरिद्र्य’ ही दोन्ही रूपे चुकीची.

‘निरपेक्ष’चा इथला अर्थ ‘दुसऱ्या कशाची अपेक्षा न ठेवता ठरणारे’. शेजाऱ्याकडे किती आहे हे न बघता एका माणसाला किमान काय लागते ते ठरवायचे आणि तेवढे त्याच्याकडे आहे की नाही ते पाहायचे. ‘सापेक्ष’मध्ये माप त्याच समाजातल्या इतरांवरून निघते. गणितात ‘केवल मूल्य’ रुळले आहे, पण ‘केवल दारिद्र्य’ वाचले की ‘नुसते दारिद्र्य, बाकी काही नाही’ असे वाटते. ‘संपूर्ण दारिद्र्य’ तर साफ टाकावे. ‘निरपेक्ष’च ठेवा आणि पहिल्या वापरापाशी एका वाक्यात खुलासा द्या.

‘आत्यंतिक’ हा मात्र पर्यायी शब्द नाही. तो निरपेक्ष मापातल्याच सर्वांत खालच्या पायरीसाठी राखून ठेवावा. जागतिक बँकेची सध्याची आत्यंतिक दारिद्र्याची रेषा माणशी रोज ३ डॉलर आहे. निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी तिचीच ४.२० डॉलरची रेषा आहे. दोन्ही निरपेक्षच, पण आत्यंतिक फक्त पहिली.

आकडेमोड, मडगाव

डॉलरचा विषय निघाला म्हणून. ही रेषा १९९० साली १ डॉलर होती, मग १.२५, १.९०, २०२२ मध्ये २.१५ आणि जून २०२५ पासून ३. ‘रेषा वाढवली’ असे लिहिण्याआधी पाहावे की प्रत्येक वेळी आधारवर्षही बदलले आहे. ३ डॉलर हे २०२१ च्या किमतींवरचे आहेत. रेषेचा आकडा आणि आधारवर्ष ही जोडी तोडू नये.

दुसरी चूक याहून मोठी. हे बाजारातले डॉलर नव्हेत, क्रयशक्ती समतेचे आहेत, म्हणजे त्या त्या देशात तेवढ्याच वस्तू घ्यायला किती पैसे लागतात त्यावरून ठरलेले. भाषांतरकार ३ ला बँकेच्या दराने गुणतो आणि अडीचशे रुपये लिहून मोकळा होतो. क्रयशक्तीच्या हिशेबाने २०२१ साली भारतात असा एक डॉलर ढोबळमानाने वीस रुपयांच्या आसपास होता. म्हणजे रेषा दिवसाला साधारण साठ रुपये, त्याही २०२१ च्या किमतींना. पुढच्या वर्षाचा आकडा हवा तर त्यावर देशातली महागाई चढवायची, डॉलरचा दर नव्हे.

आपल्याकडच्या रेषांचीही हीच शिस्त. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये माणशी रोज २,२५० उष्मांकांचा आधार घेऊन ग्रामीण भागासाठी महिना १५ रुपये आणि शहरी भागासाठी साडेबावीस रुपये धरले, ते १९६०-६१ च्या किमतींना. नियोजन आयोगाच्या १९७९ च्या कृतिदलाने ग्रामीण २,४०० आणि शहरी २,१०० उष्मांक घेतले. तेंडुलकर समितीने २००९ मध्ये उष्मांकाचा खुंटा सोडला आणि शिक्षण, आरोग्य यांवरचा खर्च किमान गरजांच्या टोपलीत घेतला. त्या पद्धतीने २०११-१२ साठी देशाची रेषा दरडोई महिना ग्रामीण ८१६, शहरी १,००० रुपये निघाली. गोव्याची १,०९० आणि १,१३४. रंगराजन समितीने त्याच वर्षासाठी देशाची ९७२ आणि १,४०७ काढली. वर्ष तेच, माणसे तीच, तरी देशातले गरीब एका हिशेबाने २१.९ टक्के आणि दुसऱ्याने २९.५ टक्के. तेव्हा ‘निरपेक्ष’ म्हणजे अढळ नव्हे. टोपली कोणीतरी भरलेली असते.

साखळीची बाई

सर, ‘दरडोई महिना’ हे ठळक करून सांगा. मुले १,०९० हा आकडा घराचा धरतात. पाच माणसांचे घर असेल तर रेषा ५,४५० रुपयांवर येते.

आणि ‘सापेक्ष’ची व्याख्या लिहिताना ‘सरासरीच्या ६० टक्क्यांपेक्षा कमी’ असे सर्रास लिहिलेले असते. ते ‘मध्यक’ हवे ना?

आकडेमोड, मडगाव

हवेच. मध्यक म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा. युरोपीय संघ मध्यक उत्पन्नाच्या ६० टक्के धरतो, श्रीमंत देशांच्या तुलनांत बहुधा ५० टक्के. सरासरी घेतल्याने काय बिघडते ते फळ्यावर करून दाखवता येईल. एका वाड्यावरच्या दहा माणसांचा महिन्याचा खर्च असा धरा :

९००, १,०००, १,४००, १,८००, २,०००, २,२००, २,६००, ३,०००, ४,०००, ९,०००.

दहा आकडे आहेत म्हणून मध्यक पाचव्या आणि सहाव्याच्या मधला, २,१००. त्याचे ६० टक्के १,२६०. खाली दोन माणसे. सरासरी येते २,७९०, तिचे ६० टक्के १,६७४, खाली तीन माणसे. आता फक्त शेवटच्या माणसाचा खर्च ९,००० वरून २०,००० करा. मध्यक हलत नाही, गरीब दोनच. सरासरी मात्र ३,८९० होते, रेषा २,३३४ वर जाते आणि दहातले सहा गरीब ठरतात, जरी त्या सहांच्या ताटात एक दाणाही कमी झालेला नाही.

उलट बाजूही तपासा. निरपेक्ष रेषा १,२०० धरली तर मूळ यादीत दोन गरीब आहेत. किमती स्थिर ठेवून सगळ्यांचा खर्च दुप्पट करा. निरपेक्ष मापाने गरीब शून्य. सापेक्ष मापाने मध्यकही दुप्पट झाला, रेषा २,५२० वर गेली आणि गरीब पुन्हा तेच दोन. विकसनशील देशांत नुसते सापेक्ष माप वापरायला लोक का बिचकतात ते यात आले. सगळा देश वर सरकला तरी ते हलत नाही. आणि दुष्काळात सगळे एकाच प्रमाणात खाली गेले तरीही हलत नाही, हे त्याहून वाईट.

अंत्रुजकर, फोंडा

बरोबर, पण म्हणून ‘सापेक्ष’ला ‘मानण्यावरचे’ समजू नये. समाजात माणूस म्हणून वावरायला जे लागते त्याचा खर्च समाजागणिक बदलतो, एवढेच ते म्हणते. चवथीला माटोळी बांधणे, आल्यागेल्याला जेवू घालणे, पोराला शाळेच्या सहलीला पाठवणे, यांतून एकही उष्मांक वाढत नाही. पण हे न जमणाऱ्या घराला आपण आणि ते घरही गरीबच म्हणते. जागतिक बँकेने यावर एक मिश्र रेषा काढली आहे. २०१७ च्या किमतींवरच्या मांडणीत ती १.१५ डॉलर अधिक मध्यकाचा अर्धा हिस्सा अशी होती, आणि २.१५ च्या खाली जाऊ द्यायची नाही. तिला ‘सामाजिक दारिद्र्यरेषा’ म्हणता येईल. गरीब देशात ती निरपेक्ष रेषेसारखी वागते, देश सुधारत गेला की हळूहळू सापेक्ष होते.

पेडणेचा पाव्हणा

वर कोणी ‘अठराविश्वे दारिद्र्य’ कसे आणले नाही? त्यातले ‘विश्वे’ म्हणजे विसे. अठरा गुणिले वीस, तीनशे साठ. वर्षाचे सगळे दिवस गरिबीचे. गरिबीत काळही मोजला जातो हे म्हणीला ठाऊक होते.

आकडेमोड, मडगाव

छान आठवण केलीत. सर्वेक्षणात सगळी गोची त्या ‘दिवसां’चीच असते. खर्च विचारताना ‘गेल्या किती दिवसांत?’ याला ‘स्मरणकाल’ म्हणतात, आणि तो बदलला की गरीब बदलतात. तांदूळ, डाळ गेल्या ३० दिवसांतली विचारतात. कपडे, पादत्राणे, शिक्षण, रुग्णालयाचा खर्च, टिकाऊ वस्तू यांना ३० दिवसच धरले तर बहुतेक गरीब घरांत शून्य येते, कारण कपडे चवथीला किंवा शाळा सुरू होताना घेतलेले असतात. म्हणून यांना ३६५ दिवस विचारून बारांनी भागतात. तळाच्या घरांचा खर्च त्यामुळे वर सरकतो. मासे, भाजी, अंडी, फळे यांना ७ दिवस विचारले की विसरणे कमी होते आणि खर्च आणखी जास्त भरतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या १९९९-२००० च्या फेरीत खाद्यपदार्थांना एकाच प्रश्नावलीत ७ आणि ३० असे दोन्ही काल शेजारीशेजारी विचारले; एक उत्तर दुसऱ्यावर पडले आणि त्या वर्षाची आधीच्या वर्षांशी तुलना वर्षानुवर्षे वादात राहिली. तेंडुलकर आणि रंगराजन यांच्यातही हा स्मरणकालाचा फरक आहे, नुसती टोपली वेगळी नाही.

गोव्यात आणखी एक पाहायचे. पैसे न देता आलेले खाणेही खर्चात धरायचे असते. कुळागरातला घरी वापरलेला नारळ बागेतल्या भावाने धरतात, बाजारभावाने नव्हे. रापण ओढायला हात लावला म्हणून मिळालेली मासळी स्थानिक किरकोळ भावाने. गणक ‘काय विकत आणले?’ एवढेच विचारून उठला तर मासळी-नारळ गळतात आणि खाऊनपिऊन सुखी घर कागदावर गरीब होते. स्वतःच्या घराचे काल्पनिक भाडे मात्र या खर्चात धरत नाहीत. त्यामुळे किनारपट्टीवर भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार, तेवढेच खाणाऱ्या घरमालकापेक्षा आकड्यांत ‘श्रीमंत’ दिसू शकतो.

साखळीची बाई

‘दारिद्र्यदरी’ म्हणजे काय तेही इथेच होऊन जाऊ दे. विद्यार्थी ती श्रीमंत-गरीब यांच्यातली दरी समजतात.

आकडेमोड, मडगाव

ती विषमता झाली, तिला वेगळे माप. दारिद्र्यदरी म्हणजे गरीब माणूस रेषेपासून किती खाली आहे. वरच्याच वाड्यात रेषा १,२०० : पहिल्याची तूट ३००, दुसऱ्याची २००. रेषेने भागून बेरीज करा, दहांनी भागा; निर्देशांक सुमारे ४.२ टक्के. शिरगणती गुणोत्तर, म्हणजे रेषेखालच्या माणसांचे प्रमाण, २० टक्के; ते फक्त डोकी मोजते.

आता पंचायतीकडे २०० रुपये आहेत असे धरा. ते १,००० वाल्याला दिले की तो रेषेवर आला, गुणोत्तर निम्मे. ९०० वाल्याला दिले तर तो १,१०० वर पोचतो आणि गुणोत्तर जागचे हलत नाही. दारिद्र्यदरी दोन्ही वेळा २.५ टक्केच होते. तुटीचा वर्ग करून मोजणाऱ्या तीव्रता निर्देशांकात मात्र फरक दिसतो : मुळात ०.००९०, १,००० वाल्याला दिले तर ०.००६३, ९०० वाल्याला दिले तर ०.००३५. ही तिन्ही मापे फॉस्टर, ग्रीअर आणि थॉरबेक यांच्या १९८४ च्या एकाच सूत्रातून निघतात. ज्या खात्याचे यश नुसत्या गुणोत्तरावर जोखले जाते, ते रेषेच्या जेमतेम खाली असलेल्यांनाच आधी हात देते.

मुद्रितशोधक, पणजी

म्हणजे ‘दारिद्र्याची तीव्रता’ आणि ‘दारिद्र्याची खोली’ (म्हणजे दारिद्र्यदरी) अदलाबदल करून वापरू नयेत. नोंद केली. ‘बीपीएल’चे काय? ते ‘दारिद्र्यरेषेखालील’ असेच ना?

अंत्रुजकर, फोंडा

शब्दशः हो, मोजमापात नाही. २००२ च्या बीपीएल गणनेत तेरा निकषांना प्रत्येकी ० ते ४ गुण होते, एकूण ५२. घर कसले, जमीन किती, कपडे किती, असले प्रश्न. खर्च रुपयांत विचारलेलाच नाही. तेव्हा कार्ड असलेले घर आणि तेंडुलकर रेषेखालचे घर हे दोन वेगळे संच आहेत. योजनेची उत्पन्नमर्यादा हे तिसरेच. गोवा सरकारच्या गृह आधार योजनेची वार्षिक ३ लाखांची मर्यादा चार माणसांच्या घरात दरडोई महिना ६,२५० रुपये होते. तिला दारिद्र्यरेषा म्हणणे चूक, ती ‘पात्रतेची मर्यादा’. मामलेदाराच्या दाखल्यात उत्पन्न असते आणि रेषा खर्चावर असते, हा फरक तर वेगळाच.

मुद्रितशोधक, पणजी

मग हे वाक्य तपासून द्या : ‘गोव्यातील गरिबी ५.०९ टक्क्यांवरून ०.८४ टक्क्यांवर आली.’

आकडेमोड, मडगाव

छापू नका. ५.०९ हे २०११-१२ चे, तेंडुलकर पद्धतीचे, खर्चावरचे. ०.८४ हे नीती आयोगाच्या बहुआयामी निर्देशांकाचे, २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीवरचे. त्यात खर्च नाहीच. पोषण, शाळा, इंधन, शौचालय, बँक खाते अशा बारा दर्शकांवरचा अभाव मोजतात आणि भारित बेरीज एक-तृतीयांश किंवा अधिक झाली की तो माणूस गरीब. या मालिकेतला गोव्याचा आधीचा आकडा २०१५-१६ चा, ३.७६.

शिवाय इतक्या लहान टक्क्यांना नमुन्याचा आकार विचारावा. समजा चारशे घरांची पाहणी असेल, तर ५ टक्के म्हणजे वीस घरे. चार घरे इकडची तिकडे झाली की आकडा एका टक्क्याने हलला. तालुकावार गरिबी या पाहणीतून काढून सांगे-सत्तरीची तुलना छापणाऱ्याला तर आधी घरांची संख्या विचारा.

वाक्य असे करा : ‘बहुआयामी दारिद्र्यातील गोव्याच्या लोकसंख्येचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३.७६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ०.८४ टक्के झाले.’ ५.०९ ला वेगळे वाक्य द्या, वर्ष आणि समितीच्या नावासह.