पक्षनिष्ठ ब्लॉगांनी अमेरिकी निवडणुकांचे हित साधले का?

धागालेखक:
अमेरिकेत या शतकाच्या आरंभी उघडपणे एका पक्षाची बाजू घेणारे ब्लॉग निवडणुकीच्या राजकारणात उतरले, हे तिथल्या लोकशाहीच्या हिताचेच झाले, असे माझे ठाम मत आहे. डिसेंबर २००२ मध्ये सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांच्या शंभराव्या वाढदिवशी रिपब्लिकन सिनेटनेते ट्रेंट लॉट यांनी त्यांच्या १९४८ च्या अध्यक्षीय उमेदवारीचे गुणगान केले. ती उमेदवारी वर्णविभाजन टिकवण्यासाठी होती, तरीही बहुतेक बड्या वृत्तपत्रांनी सुरुवातीला काणाडोळाच केला. जॉश मार्शल यांच्या 'टॉकिंग पॉइंट्स मेमो'सारख्या डाव्या, डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकणाऱ्या ब्लॉगांनी विषय लावून धरला आणि त्याच महिन्यात लॉट यांना नेतेपद सोडावे लागले.

उजव्या, म्हणजे रिपब्लिकन बाजूच्या ब्लॉगांनीही हेच केले. सप्टेंबर २००४ मध्ये, अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर, सीबीएस या दूरचित्रवाहिनीने रिपब्लिकन अध्यक्ष बुश यांच्या नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलातील सेवेविषयी त्यांना अडचणीत आणणारे काही कागद दाखवले. ब्लॉगलेखक चार्ल्स जॉन्सन यांनी त्यांपैकी १९७३ चा म्हणून दाखवलेला एक कागद मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये, मांडणीत काहीही न बदलता, टंकून मूळ प्रतीवर ठेवला, तर ओळी जवळजवळ तंतोतंत जुळल्या! म्हणजे तो कागद १९७३ च्या टंकयंत्रावरचा नसून संगणकावर बनवलेला असावा, असा संशय आला. कागद अस्सल असल्याचे सिद्ध करता येत नाही, हे सीबीएसला बारा दिवसांत मान्य करावे लागले.

प्रतिसाद:
तुमची दोन्ही उदाहरणे खरी आहेत, पण ही दक्षता फक्त प्रतिपक्षासाठी राखीव होती. त्याच निवडणुकीत बुश यांचे डेमोक्रॅटिक प्रतिस्पर्धी जॉन केरी यांनी व्हिएतनाम युद्धातील शौर्यपदके लायकी नसताना मिळवली, असे आरोप झाले. नौदलाची त्या काळची कागदपत्रे या आरोपांना दुजोरा देत नव्हती. सीबीएसच्या कागदांचे अक्षरन् अक्षर तपासणाऱ्या गोटातील अनेकांनी ते आरोप मात्र हिरिरीने पसरवले. शिवाय त्याच वर्षी साउथ डकोटा राज्यात डेमोक्रॅटिक सिनेटर टॉम डॅशल यांच्यावर तुटून पडणाऱ्या दोन ब्लॉगलेखकांना त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी जॉन थून यांच्या प्रचारयंत्रणेकडून पैसे मिळत होते. वाचकाला लिहिणाऱ्याचा पक्ष दिसत होता, पगार दिसत नव्हता.

धागालेखक:
पैशांचा मुद्दा मला मान्य आहे. मात्र त्यावरचा उपाय मोबदला जाहीर करणे हा आहे, आणि २००३ मध्ये डेमोक्रॅटिक अध्यक्षीय उमेदवारीसाठी झटणाऱ्या हॉवर्ड डीन यांचे सल्लागार झालेल्या, 'डेली कॉस' या ब्लॉगच्या मार्कोस मूलित्सास यांनी ते आपल्या ब्लॉगवर जाहीर केलेही होते. एकतर्फी तपासणीबद्दल म्हणाल, तर दोन्ही बाजू एकमेकींच्या मागे लागल्या की मतदाराला दोन्हीकडचे कळते.

प्रतिसाद:
मतदार दोन्हीकडचे वाचत असेल, तरच ना? ज्याच्या वाचनात एकाच पक्षाचे ब्लॉग आहेत, त्याच्यापर्यंत केरी यांच्यावरचा आरोप पोहोचतो आणि नौदलाची कागदपत्रे पोहोचत नाहीत. तो त्या अर्ध्या माहितीवरच मत देऊन मोकळा होतो.