जुनं अग्निशमन केंद्र पाडून नवं बांधायचंय, आर्किटेक्ट कसा नेमावा? (बडोदा)

रावपुरा_सिव्हिल:
नमस्कार मंडळी. बडोद्याच्या जुन्या भागातलं एक अग्निशमन केंद्र पाडून त्याच जागी नवं बांधण्याचा प्रस्ताव तयार करतोय. 4 गाड्या, वर जवानांची खोली, मागे क्वार्टर्स. आर्किटेक्टसाठी नेहमीचं टक्केवारीचं टेंडर (बांधकाम खर्चाच्या किती टक्के फी, यावर निवड) काढावं का? कामाच्या व्याप्तीत काय लिहावं?

नकाशावाला:
टक्केवारीचं टेंडर अजिबात नको. सर्वांत कमी फी भरणारा ऑफिसचाच नकाशा काढतो आणि खाली चार शटर लावून देतो. दोन लिफाफे घ्या: तांत्रिक 70, फी 30. तांत्रिक गुणांतले निम्मे याच प्लॉटवरच्या प्रेझेंटेशनला ठेवा आणि गुण देणाऱ्यांत प्रत्यक्ष गाडीवर जाणारा एक स्टेशन ऑफिसर असू द्या.

‘3 अग्निशमन केंद्रं केलेली असावीत’ अशी अट घातलीत तर दोघं-तिघंच उरतील. त्याऐवजी 24 तास चालणारी इमारत धरा: रुग्णालय, बस डेपो, पोलीस ठाणं. 1972च्या आर्किटेक्ट्स कायद्याखालची कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी तपासा. स्ट्रक्चर, वीज आणि प्लंबिंगचे सल्लागार त्याच्याच फीमध्ये, नावानिशी. लेव्हल सर्व्हे, मातीची तपासणी आणि जमिनीखालच्या लाइनींचा नकाशा मात्र तुम्ही आधी करून द्या, नाहीतर पाया खणताना अंदाजपत्रक बदलतं. फीचे शेवटचे 10 टक्के प्रत्यक्ष बांधकामाचे नकाशे हाती आल्यावरच.

बंबवाला:
आर्किटेक्टला आधी गाड्यांची मापं द्या. 4500 लिटरचा वॉटर टेंडर, म्हणजे पाण्याचा बंब, साधारण 2.5 मीटर रुंद आणि 8-9 मीटर लांब असतो. हायड्रॉलिक प्लॅटफॉर्म (जवानांना उंच मजल्यांपर्यंत उचलणारी गाडी) 11-12 मीटर लांब आणि 4 मीटरच्या आसपास उंच. म्हणून प्रत्येक दार 4.2 रुंद आणि 4.5 मीटर उंच, तेही मोकळं. नकाशात बीमखाली 4.5 दाखवतात आणि शटरचा ड्रम त्यातला अर्धा मीटर खातो. या एका चुकीपायी पुढे मोठी गाडी आत जात नाही.

मी शटरच्या विरोधातच आहे. सेकंदाला 20 सेंमी वेगाने ते पूर्ण उघडायला 22 सेकंद घेतं. अमेरिकेच्या एनएफपीए 1710 या अग्निशमन सेवेच्या मानकात कॉल मिळाल्यापासून गाडी हलेपर्यंत 80 सेकंद धरलेत, त्यातला चौथा भाग शटरलाच गेला. बाजूला दुमडणारी दारं घ्या, आणि वीज गेली तर हाताने उघडणारी.

जवानांची खोली गाड्यांच्याच मजल्यावर हवी. मधे आपोआप बंद होणाऱ्या दोन दारांची लॉबी ठेवा, नाहीतर डिझेलचा धूर रात्रभर झोपायच्या खोलीत. आगीवरून आलेल्या कपड्यांची खोली वेगळी आणि बाहेर हवा जाणारी. ही गोष्ट पैसे वाचवायला पहिली कापतात, आणि जवानांच्या फुप्फुसांत काजळी जाते. 15 मीटरचा होज (पाण्याचा पाइप) वाळवायला सरळ टांगायचा तर टॉवर 17-18 मीटर लागेल, तोच ड्रिललाही वापरा. गाडी 3 मिनिटांत भरायची तर मिनिटाला 1500 लिटरचा पंप हवा.

मांजलपूर_स्ट्रक्चर:
आयएस 1893 या भूकंपाच्या भारतीय मानकाच्या 2016च्या आवृत्तीत अग्निशमन केंद्राला महत्त्व गुणांक 1.5 आहे, साध्या घराला 1; म्हणजे भूकंपाचा जोर दीडपट धरायचा. खाली मोकळ्या बे (गाड्या उभ्या करायच्या जागा) आणि वर भिंतींच्या क्वार्टर्स ही रचना भूकंपात तळमजल्यात मोडते. 2001मध्ये अहमदाबादेत तेच झालं. क्वार्टर्स वेगळ्या इमारतीत काढा.

दुसरं, पाणी. ऑगस्ट 2024मध्ये इथली विश्वामित्री नदी 26 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 35 फुटांच्या वर गेली होती. जोतं उंच करा, पण 12 मीटरच्या अंगणात 1:20 उताराने 60 सेंमीच चढता येतं. त्याहून तीव्र उतारावर लांब गाडीचा मागचा भाग घासतो. म्हणून जनरेटर, पॅनेल आणि कंट्रोल रूम वरच्या मजल्यावर. बेची फरशी 200 मिमी जाड, एम-30 प्रतीच्या काँक्रीटची, ट्रिमिक्स पद्धतीने (ओल्या काँक्रीटमधलं जादा पाणी ओढून घेऊन) केलेली.

रावपुरा_सिव्हिल:
फार उपयोगी. काम चालू असताना गाड्या कुठे ठेवायच्या?

बंबवाला:
हे टेंडरमध्येच लिहा साहेब, नाहीतर कोणाच्याच बजेटमध्ये येत नाही. त्याच हद्दीत पत्र्याची शेड, 4 गाड्यांना पुरेल इतकं कठीण अंगण, पाण्याची टाकी, शौचालय. आधी वायरलेसचा मास्ट आणि फोनच्या लाइनी तिथे सुरू करून आठवडाभर दोन्हीकडे चालवा, मगच जुनी इमारत पाडायला द्या. जाण्यायेण्याचा रस्ता सकाळी बाजाराच्या वेळी मोठी गाडी चालवून तपासा; नकाशावर 6 मीटर असतो, पार्किंगमुळे प्रत्यक्षात 3 उरतो.