मूळ कॉन्फिग (सेटिंगच्या) फाईलमध्येच बदल करावेत की आपली फाईल वेगळी ठेवावी?

रात्रपाळी:
काल डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) अपग्रेड करताना डीपीकेजी, म्हणजे त्यातलं पॅकेज बसवणारं साधन, मध्येच थांबलं. एका सर्व्हिसची (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामची) ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधली फाईल मी तीन वर्षांपूर्वी बदलली होती, मधल्या काळात पॅकेजवाल्यांनीही बदलली. दोन्हीकडून बदल झाला की ते विचारतं, नवी घ्यायची की तुमची ठेवायची? नुसतं एंटर मारलं तर आपली राहते आणि नवी शेजारी 'डीपीकेजी-डिस्ट' शेपटी लावून पडते. 'डी' दाबून फरक पाहिला. एवढ्या मोठ्या फाईलीत माझ्या ओळी फक्त दोन! तेवढ्यासाठी मी अख्खी फाईल अंगावर घेतली होती. माझं स्पष्ट मत: मूळ फाईलीला हातच लावू नये.

उंबरठा:
शंभर टक्के. सिस्टमडीत (सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) मूळ युनिट फाईल, म्हणजे सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी फाईल, यूएसआर-लिब फोल्डरमध्ये असते, ती पॅकेजची. 'सिस्टमसीटीएल एडिट' केलं की ईटीसीत वेगळी ओव्हरराईड फाईल होते, तिच्यात फक्त आपल्या ओळी. अपग्रेड कितीही वेळा करा, काही विचारत नाही.

जुनी चावी:
मला हे पटत नाही. एक फाईल उघडली की सगळं समोर दिसायला हवं.
माझा अनुभव सांगतो. भाड्याच्या उबुंटू सर्व्हरवर एसएसएचच्या (दुरून लॉगिन करायची सोय) मुख्य फाईलीत पासवर्ड लॉगिन 'नो' केलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि निर्धास्त झालो. दोन महिन्यांनी लॉग बघतो तर पासवर्डचे प्रयत्न अजून चालूच. डॉट-डी (जोड फाईलींच्या) फोल्डरमध्ये '५०-क्लाउड-इनिट' नावाची फाईल होती, तिच्यात 'यस'. मुख्य फाईलीत त्या जोड फाईली आत घेणारी इन्क्लूडची ओळ वरच असते आणि एसएसएचडी (एसएसएचची सर्व्हिस) पहिली सापडलेली किंमत धरतो. सिस्टमडीत उलट, नंतरची जिंकते. एक्झेकस्टार्ट (सर्व्हिस कुठल्या कमांडने सुरू करायची ती सेटिंग) बदलायचा तर आधी तो रिकामा लिहावा लागतो, नाहीतर सर्व्हिस उठतच नाही. प्रत्येकाचा नियम वेगळा. दोन महिने दार उघडं होतं आणि माझ्या फाईलीत मात्र 'नो' लिहिलेलं.

उंबरठा:
तुमचा त्रास खरा आहे, आणि म्हणूनच नुसती फाईल वाचून विश्वास ठेवू नये. 'एसएसएचडी' ला मोठ्या 'टी' चा पर्याय देऊन चालवा, शेवटी लागू होणारी किंमत छापून मिळते. युनिटसाठी 'सिस्टमसीटीएल कॅट' आहे, कुठली ओळ कुठल्या फाईलीतून आली ते दाखवतं.

जुनी चावी:
रात्री तीनला फोन आल्यावर कुठल्या प्रोग्रामला कुठली कमांड हे आठवत बसायचं का? आणि ज्यांनी अशी कमांड दिलेलीच नाही त्यांचं काय?

काउंटर:
मी औषध दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहितो. पहिल्या वर्षी अपडेट पाठवला आणि इन्स्टॉलरने सेटिंगची फाईलच बदलून टाकली. एका दुकानदाराने छापील बिलबुकाप्रमाणे डावा समास १४ मिलिमीटर बसवला होता, तो परत ५ वर आला. संध्याकाळच्या गर्दीत सगळे आकडे रकान्याबाहेर. त्यानंतर डीफॉल्ट (ग्राहकाने काही न बदलल्यास लागू होणारे आकडे-पर्याय) प्रोग्रामच्या आत ठेवले आणि ग्राहकाच्या फाईलीत फक्त त्याने बदललेलं.
पण मग वेगळंच उभं राहिलं. पुढे मी बिलाची रक्कम पूर्ण रुपयात करण्याचा डीफॉल्ट बदलला. ज्यांनी त्या सेटिंगला कधी हात लावला नव्हता त्यांची बिलं दुसऱ्या दिवशी वेगळी निघाली. त्यांना जुनी पद्धत हवी होती म्हणून ती तशीच ठेवली होती, की माहीतच नव्हती? रिकाम्या फाईलीवरून हे कळत नाही. आता पैशाशी संबंध असलेल्या सेटिंग पहिल्याच दिवशी विचारून ग्राहकाच्या फाईलीत लिहून टाकतो, डीफॉल्ट तोच असला तरी. रंग, फॉन्ट वगैरे मात्र आतूनच.

रात्रपाळी:
काउंटर यांचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. पासवर्ड लॉगिनलाही तोच लागू पडतो: डीफॉल्ट काहीही असो, आपण 'नो' लिहायचंच. एसएसएचसाठी '१०-' ने सुरू होणारी वेगळी फाईल केली, म्हणजे ती ५० च्या आधी वाचली जाईल. मोठ्या 'टी' ने पाहिलं, 'नो' येतंय. अपग्रेडच्या स्क्रिप्टमध्ये ती तपासणी शेवटी घातली आहे, 'यस' दिसलं तर स्क्रिप्ट तिथेच थांबते.

जुनी चावी:
स्क्रिप्ट इथे टाका. माझ्या चारही सर्व्हरवर लावतो. एकाच फाईलीचा आग्रह मात्र अजून सोडलेला नाही.