मुरुडला जायचंय, आई आणि चार वर्षांचा मुलगा बरोबर आहे, कधी जाऊ?

कोथरूडची_स्वारी: डिसेंबरात दोन रात्री मुरुडला जायचा प्लॅन आहे, पुण्याहून आपल्या गाडीनेच. मी, बायको, मुलगा (वय ४) आणि आई, आईचे गुडघे दुखतात म्हणून चढ-उतार नको. हर्णैचा मासळी लिलाव बघायचाय, कड्यावरचा गणपती करायचाय आणि एका सकाळी जंजिरा उरकून घेऊ म्हणतोय. रूम ऑनलाइन बघून ॲडव्हान्स भरून टाकलाय. बीचवर गाडी नेता येते ना? पाणी किती वाजता कमी असतं?

खाडीपलीकडचा: थांबा थांबा, रूम नक्की कुठल्या मुरुडला घेतलीये? जंजिऱ्याचं मुरुड रायगडात, आणि हर्णैजवळचं मुरुड दापोली तालुक्यात, रत्नागिरी जिल्हा. मधे नुसत्या खाड्याच खाड्या, आगरदांडा-दिघी आणि बागमांडला-वेशवी असं दोनदा फेरीबोटीत गाडी चढवायची, सकाळी जंजिरा आणि संध्याकाळी लिलाव म्हणजे दिवस गाडीतच जाणार. आधी फोन करून विचारा बघू.

दापोलीची_माहेरवाशीण: पाण्याचं सांगते. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात, जेवढे येतील तेवढ्या वाजता पूर्ण भरती. म्हणजे अष्टमीला आठाचे सहा, सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि भर दुपारी ओहोटी, तेव्हा वाळूत पाय भाजायला कोण जाणार! पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी साधारण सव्वापाचला, थोडं मागेपुढे होतं. म्हणून म्हणते दत्तजयंतीच्या आसपासचे दोन दिवस बघा, मार्गशीर्ष पौर्णिमाच ती. पाणी पार आत गेलेलं असतं, ओली कडक वाळू मिळते आणि समोर सूर्य बुडत असतो, आईंनाही चालायला बरं. फक्त उधाणाचे दिवस, पाणी उतरताना ओढ फार असते, पोराला घोट्याच्या वर जाऊ देऊ नका.

कड्यावरच्या गणपतीची काळजी नको, आंजर्ल्याच्या खाडीवर पूल आहे आणि गाडी पार वर देवळापर्यंत जाते. आम्ही लहानपणी होडीतून पलीकडे जाऊन पायऱ्या चढायचो, असो. हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग किल्ला मात्र आईंना नको, होडीतून पाण्यातच उतरावं लागतं. तो किनाऱ्यावरूनच छान दिसतो.

वाळूत_रुतलेला: गाडी बीचवर नेऊ नका नेऊ नका नेऊ नका. मुरुडशेजारच्या कर्द्याच्या बीचवर माझी गेली होती. वाळू सिमेंटसारखी कडक वाटली म्हणून बायकोला म्हटलं फोटो काढ, दहा मिनिटं उभी केली तेवढ्यात मागची चाकं निम्मी आत, रेस दिली की अजून खोल. तिकडून भरती लागलेली. कोणीतरी पळत जाऊन ट्रॅक्टर आणला, दोर बांधून ओढली तेव्हा लाट बंपरला लागत होती. ट्रॅक्टरवाल्याने पैसे घेतले ते घेतले, वर "शनिवारची दुसरी" म्हणाला 😑 घरी येऊन धुतली तरी खालून गंज धरलाच.

लिलावाला संध्याकाळी चारनंतर जा, जुन्या चपला घालून, सगळीकडे खारं पाणी आणि खवले. बोली माशांच्या अख्ख्या टोपल्यांवर लागते, आपल्यासारख्यांनी मधे नाक खुपसू नये, बाजूला बसलेल्या मावश्यांकडून कोळंबी-बांगडे घ्यावेत आणि उतरलोय तिथे करून देतात का ते आधीच विचारावं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा गेलात तर काही नाही.

कोथरूडची_स्वारी: फोन केला. रायगडातलंच निघालं 🤦 मालक भला माणूस, ॲडव्हान्स पुढच्या खेपेला वळता करतो म्हणाला, मग जंजिरा तेव्हाच करू. आता दत्तजयंती धरून दापोलीकडचं बघतो, गाडी रस्त्यावरच ठेवीन. माहेरवाशीणताई, आईला उकडीचे मोदक हवेत, तिथे मिळतात का?

दापोलीची_माहेरवाशीण: मिळतात, घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवा. आयत्या वेळी मागितलेत तर नारळ खवायला तुम्हालाच बसवतील.