अमेरिकेत सायकॉलॉजिस्टचं लायसन्स: पुण्याची एम.फिल. कुठवर चालते?

सिंहगडरोड

एम.ए. सायकॉलॉजी, त्यानंतर दोन वर्षांची एम.फिल. क्लिनिकल सायकॉलॉजी, आर.सी.आय.ची (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी चालू. नवऱ्याच्या नोकरीमुळे काही महिन्यांत सान होजेला (कॅलिफोर्निया) जायचं आहे, व्हिसा एच-४, म्हणजे नोकरदाराच्या जोडीदाराचा. तिथे लायसन्स्ड सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करता येईल का, हे शोधतेय. एका व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगतात, "ई.पी.पी.पी. (तिथली सायकॉलॉजिस्टची लायसन्स परीक्षा) दे, पास हो, झालं." दुसरीकडे वाचलं की सगळं पहिल्यापासून करावं लागतं. माझे नेमके प्रश्न असे:

एम.फिल. तिथे डॉक्टरेटच्या बरोबरीची धरतात का? हॉस्पिटलमधले सुपरव्हिजनखालचे तास मोजतात का? परीक्षा नक्की किती, आणि त्यांना बसायला आधी काय लागतं? आणि हे जमणारं नसेल तर जवळचा रस्ता कोणता? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

बे_एरियाकर

ग्रुपवर सांगितलं ते अर्धवट आहे. परीक्षा हा त्यातल्या त्यात सोपा टप्पा. खरी अडचण पदवीची.

अमेरिकेत लायसन्स राज्य देतं, केंद्र नाही. कॅलिफोर्नियात ते काम बोर्ड ऑफ सायकॉलॉजीकडे आहे आणि त्यांना डॉक्टरेट लागते: पीएच.डी., साय.डी. (प्रत्यक्ष क्लिनिकल कामावर भर देणारी डॉक्टरेट) किंवा एड.डी. (शिक्षणशास्त्रातली), विषय सायकॉलॉजी, एज्युकेशनल सायकॉलॉजी किंवा त्यालगतचा. एम.फिल. डॉक्टरेट नव्हे. तिचं इव्हॅल्युएशन केलं तरी ती मास्टर्सनंतरचं शिक्षण म्हणूनच उतरते, मग दोन वर्षं वॉर्डात कितीही घासलेली असोत. आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ याच एम.फिल.वर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणतो. तिथे ते बिरुद चालत नाही, आणि लायसन्सशिवाय स्वतःला सायकॉलॉजिस्ट म्हणवणं हाच गुन्हा ठरू शकतो. बिझनेस कार्ड, लिंक्डइन, वेबसाइट या सगळ्याला हे लागू आहे, म्हणून विमानात बसण्याआधी प्रोफाइल नीट बघा.

भारतातली पीएच.डी. असेल तर अर्ज करता येतो. नाक्सच्या (परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थांचा संघ) सदस्य संस्थेकडून किंवा नॅशनल रजिस्टर ऑफ हेल्थ सर्व्हिस सायकॉलॉजिस्ट्सकडून इव्हॅल्युएशन करून घ्यावं लागतं. पण आपली पीएच.डी. मुख्यतः प्रबंधाची. यू.जी.सी.च्या २०२२च्या नियमांत कोर्सवर्क किमान १२ क्रेडिट. तिथल्या डॉक्टरेटमध्ये असेसमेंट, थेरपी, एथिक्स, प्रॅक्टिकम असे कित्येक सेमिस्टर असतात. त्यामुळे 'पदवी समकक्ष' असा शेरा मिळाला तरी तास आणि सक्तीचे विषय यांची भरपाई राहतेच.

तुमच्यासाठी सरळ उत्तर: सायकॉलॉजिस्टच व्हायचं असेल तर ए.पी.ए. (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) मान्यताप्राप्त साय.डी. किंवा पीएच.डी.ला प्रवेश. बहुतेक ठिकाणी अर्ज डिसेंबरच्या आसपास, वर्ग पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरला. साधारण चार ते सहा वर्षं, त्यात एक वर्ष पूर्णवेळ इंटर्नशिप. पीएच.डी.ला बऱ्याचदा स्टायपेंड असतो आणि म्हणून जागा फार थोड्या. साय.डी.ला जागा जास्त, पण फी स्वतःच्या खिशातून. तुमच्या एम.फिल.चे किती विषय माफ होतील हे ज्या-त्या विभागावर आहे. असेसमेंटचे एखाद-दोन सुटले तर नशीब समजा.

कागदपत्रं_आधी

तासांबद्दल लिहितो, कारण लोक जिथे वर्ष-दीड वर्ष गमावतात ती जागा हीच.

कॅलिफोर्नियाला सुपरव्हाइज्ड प्रोफेशनल एक्सपिरियन्सचे, म्हणजे देखरेखीखालच्या कामाचे, एकूण ३,००० तास लागतात. त्यातले किमान १,५०० डॉक्टरेट मिळाल्यानंतरचे. उरलेले १,५०० पदवीआधीचे चालतात, पण तेही ग्रॅज्युएट स्तरावरची सायकॉलॉजीची ४८ सेमिस्टर युनिट्स पूर्ण झाल्यावर केलेले, आणि प्रबंधाची युनिट्स त्यात धरत नाहीत. प्रत्येक १,५०० तास सलग ३० महिन्यांच्या आत बसले पाहिजेत. आठवड्याला जास्तीत जास्त ४४ तास मान्य, म्हणजे ६० तास राबून लवकर संपवू हा हिशेब चालत नाही.

सुपरव्हिजन आठवड्याच्या कामाच्या १० टक्के. ४० तास काम केलं तर ४ तास सुपरव्हिजन, त्यातला किमान एक तास मुख्य सुपरव्हायझरबरोबर एकास एक. सुट्टीमुळे एखाद्या आठवड्यात हा तास चुकला आणि 'पुढच्या आठवड्यात दोन घेऊ' असं ठरवलं, तर त्या चुकलेल्या आठवड्याचे तास वादात जातात. हिशेब आठवड्यावर आहे, महिन्याच्या सरासरीवर नाही.

आता तुमचे भारतातले तास. सुपरव्हायझर तिथल्या लायसन्सचा लागतो, त्यामुळे पुणे, रांची किंवा बंगळुरूच्या हॉस्पिटलमधले तास या ३,००० मध्ये जात नाहीत. ते वाया गेले असं मात्र नाही. डॉक्टरेटच्या प्रवेशाला आणि इंटर्नशिपच्या मुलाखतीला वॉर्डातला अनुभव चांगला मोजला जातो.

सर्वांत महत्त्वाचं: सुपरव्हिजनचा करार तास सुरू होण्याआधी सह्यांनिशी तयार हवा. आधी काम, मग कागद, हा आपल्याकडचा क्रम तिथे अंगाशी येतो. करारावरची तारीख १५ सप्टेंबर आणि पहिला क्लायंट १ सप्टेंबरला, तर मधले दोन आठवडे गेले. सुपरव्हायझर नात्यातला नको, पूर्वी तुमचा थेरपिस्ट असलेला नको, आणि सुपरव्हिजनसाठी तुम्ही त्याला पैसे दिलेले नकोत. शेवटचं कलम आपल्या लोकांना खटकतं, पण पैसे देऊन घेतलेले तास बोर्ड मान्य करत नाही.

पोस्टडॉकचे, म्हणजे डॉक्टरेटनंतरचे, तास करताना सहसा रजिस्टर्ड सायकॉलॉजिकल असोसिएट म्हणून नोंदणी लागते. २०२२ आधी याला सायकॉलॉजिकल असिस्टंट म्हणत, जुन्या लेखांत तेच नाव सापडेल. ही नोंदणी सगळी मिळून ७२ महिनेच धरता येते.

याशिवाय छोटे सक्तीचे कोर्स आहेत: बाल अत्याचार ७ तास, जोडीदाराकडून होणारी हिंसा १५ तास, मानवी लैंगिकता १० तास, वार्धक्य आणि दीर्घकालीन शुश्रूषा १० तास, आत्महत्येच्या जोखमीचं मूल्यांकन ६ तास, शिवाय व्यसनाधीनतेचा एक पूर्ण सत्राचा कोर्स. कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठांत हे बहुधा अभ्यासक्रमातच येतं. बाहेरच्या राज्यातून डॉक्टरेट करून आलेल्यांचा अर्ज मात्र नेमका इथेच अडकतो.

प्रश्नपत्रिका_क्र_७

परीक्षांचं मी लिहिते.

ई.पी.पी.पी. ही ए.एस.पी.पी.बी.ची, म्हणजे लायसन्स देणाऱ्या बोर्डांच्या संघटनेची परीक्षा, पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रात संगणकावर. प्रश्न २२५, वेळ ४ तास १५ मिनिटं. त्यातल्या १७५ प्रश्नांनाच गुण. बाकीचे ५० पुढच्या परीक्षांसाठी चाचपणीचे. कुठले कुठले ते कळत नाही, म्हणून विचित्र प्रश्न आला की 'हा चाचपणीचाच असणार' म्हणून सोडू नका. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा कोरं काही ठेवायचं नाही. गुण २०० ते ८०० च्या मोजपट्टीवर, स्वतंत्र प्रॅक्टिससाठी ५०० लागतात. फी ६०० डॉलर, केंद्राचे पैसे वेगळे. १२ महिन्यांत चारदाच बसता येतं आणि दर खेपेला पूर्ण फी.

आठ विभाग आहेत. असेसमेंट-डायग्नोसिस आणि एथिक्स-कायदा प्रत्येकी १६ टक्के, उपचार-प्रतिबंध-सुपरव्हिजन १५, कॉग्निटिव्ह-अफेक्टिव्ह १३, वाढ आणि विकास १२, सामाजिक-सांस्कृतिक ११, जैविक १०, संशोधन आणि स्टॅटिस्टिक्स ७.

आर.सी.आय.च्या एम.फिल.मधून आलेल्यांना सायकोपॅथॉलॉजी, न्यूरो आणि टेस्टिंग जड जात नाही. मार जिथे बसतो त्या जागा वेगळ्या. पहिली डी.एस.एम., म्हणजे अमेरिकी निदान-पुस्तिका. आपल्याकडे हॉस्पिटलात आय.सी.डी.ची (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) सवय असते, आणि कालावधीचे निकष वेगळे आहेत. स्किझोफ्रेनियाला आय.सी.डी.त लक्षणं एक महिना पुरतात, डी.एस.एम.मध्ये एकूण सहा महिने लागतात, त्याआधी ते स्किझोफ्रेनिफॉर्म. दोन पर्यायांतला फरक नेमका एवढाच ठेवलेला असतो. दुसरी जागा इंडस्ट्रियल-ऑर्गनायझेशनल, म्हणजे कामाच्या ठिकाणचं मानसशास्त्र. क्लिनिकलवाले हे पुस्तक उघडतच नाहीत आणि तिथले गुण हकनाक जातात. तिसरी एथिक्स. ए.पी.ए.ची आचारसंहिता वाचलेली असते, पण प्रश्न विचारतो 'सर्वांत आधी काय कराल'. चारही पर्याय बरोबर वाटतात, क्रम लावता आला पाहिजे. कोणाला तरी कळवण्याआधी सहसा माहिती घेणं आणि सल्लामसलत येते. जीवाला धोका असेल तर क्रम उलटतो.

२०२६ पासून ई.पी.पी.पी.चा दुसरा, कौशल्यांचा भागही सक्तीचा होणार असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये ए.एस.पी.पी.बी.ने तो सक्तीचा निर्णय थांबवला आणि एकत्रित परीक्षेकडे वळायचं ठरवलं. त्या नावाखाली कोणी क्लास विकत असेल तर थांबा.

कॅलिफोर्नियाची दुसरी परीक्षा सी.पी.एल.ई.ई., फक्त राज्याचा कायदा आणि एथिक्स. छोटी, पण गाफील ठेवणारी, कारण भारतीय कायद्याची सवय आड येते. पॉक्सोच्या कलम १९ खाली मुलांवरचा लैंगिक अत्याचार कळवायचा असतो हे आपल्याला माहीत असतं. तिथे बाल अत्याचाराचा वाजवी संशय आला की लगेच फोन आणि ३६ तासांत लेखी अहवाल, असे आकडे पाठ लागतात. कलम ५१५० म्हणजे मानसिक आजारामुळे धोका असलेल्या व्यक्तीची ७२ तासांपर्यंतची स्थानबद्धता. १२ वर्षांवरचं मूल काही अटींवर स्वतःच्या संमतीने थेरपी घेऊ शकतं, हे आपल्याला पचायला वेळ लागतो. टारासॉफचा १९७६ चा निकाल तर हमखास: क्लायंटने ओळखता येईल अशा व्यक्तीला गंभीर धमकी दिली, तर त्या व्यक्तीला आणि पोलिसांना कळवण्याचा वाजवी प्रयत्न. गोपनीयता वेगळी आणि कोर्टातला प्रिव्हिलेज (तिथे ती माहिती उघड न करण्याचा हक्क) वेगळा, यावरही प्रश्न असतात.

बसायला आधी काय लागतं: पूर्वी निम्मे तास झाल्याशिवाय ई.पी.पी.पी.ला बसू देत नसत. २०२४ पासून डॉक्टरेटचं कोर्सवर्क संपलं की दोन्ही परीक्षा देता येतात. डॉक्टरेट नसताना नुसतं शुल्क भरून बसता येत नाही, म्हणजे ग्रुपवरचा सल्ला तिथेच निकालात निघाला.

सिंहगडरोड

मनापासून आभार, इतकं स्पष्ट कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे लायसन्स हातात यायला सहा-सात वर्षं. एच-४ वर इंटर्नशिप करता येते का? आणि मास्टर्सवर चालणारं काही आहे का?

बे_एरियाकर

एच-४ वर शिकता येतं, पगारी काम करता येत नाही, जोवर ई.ए.डी. (काम करण्याचा परवाना) नाही. आणि ए.पी.ए. इंटर्नशिप बहुतेक पगारी. म्हणून बरेच जण एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर जातात: इंटर्नशिपला सी.पी.टी. (शिकताना कामाची परवानगी), पदवीनंतर १२ महिने ओ.पी.टी. (शिक्षणानंतर कामाची परवानगी). १,५०० तासांना आठवड्याला ४० धरले तर साडेसदतीस आठवडे. बसतं, पण असोसिएटची नोंदणी यायला दोन महिने गेले तर श्वास कोंडतो. पदवीच्या आधीच कागद हलवायला लागा.

इंटर्नशिप ॲपिकच्या मॅचमधून मिळते, म्हणजे उमेदवार आणि संस्था यांच्या पसंतीची जुळणी करून, पहिल्या फेरीचा निकाल फेब्रुवारीत. यादी करताना व्ही.ए., म्हणजे माजी सैनिकांची हॉस्पिटलं, बाजूला काढा. जागा तिथे भरपूर, पण त्यांना अमेरिकी नागरिकत्व लागतं.

मास्टर्सवर तुमच्या जवळची दोन लायसन्स आहेत: एल.एम.एफ.टी. (विवाह आणि कुटुंब थेरपिस्ट) आणि एल.पी.सी.सी. (क्लिनिकल समुपदेशक). बोर्ड वेगळं, बिहेवियरल सायन्सेसचं. दोन्हींना ६० सेमिस्टर युनिट्सची पदवी आणि ३,००० तास, किमान १०४ आठवड्यांत. तास अर्जाआधीच्या सहा वर्षांतले हवेत. परीक्षा दोन-दोन: कायदा-एथिक्स आणि क्लिनिकल, एल.पी.सी.सी.ला क्लिनिकलच्या जागी एन.सी.एम.एच.सी.ई. ही राष्ट्रीय समुपदेशन परीक्षा. परदेशी पदवीचं इव्हॅल्युएशन हे बोर्डही घेतं. तुमची एम.ए. अधिक एम.फिल. मिळून युनिट्सच्या जवळ जाऊ शकतात, कमी पडलेले विषय तिथे भरता येतात. थेरपी करायची असेल तर माझं मत हाच रस्ता घ्या. सायकोलॉजिकल टेस्टिंग, न्यूरोसायक, कोर्टाची मूल्यांकनं यांत जीव असेल तरच डॉक्टरेट.

राज्य बदलण्याची शक्यता असेल तर हेही बघा: सायपॅक्ट नावाच्या करारात बहुतेक राज्यं एकमेकांची लायसन्स टेलिथेरपीला चालवून घेतात, पण कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क त्यात नाहीत.

कागदपत्रं_आधी

ताई, निघण्याआधी भारतात एवढं उरका, तिथून करायला गेलात तर एका शिक्क्यासाठी कोणाला तरी विद्यापीठात खेपा घालायला लावाल.

बी.ए.पासून एम.फिल.पर्यंत सगळ्यांची ट्रान्सक्रिप्ट्स, विद्यापीठाच्या सीलबंद पाकिटात, किमान दोन-दोन संच. पाकीट स्वतः फोडू नका. इव्हॅल्युएशन 'कोर्स-बाय-कोर्स' प्रकारचं लागतं, म्हणून एम.फिल.चा अभ्यासक्रम विभागप्रमुखांच्या सही-शिक्क्यासह घ्या: विषय, थिअरीचे तास, क्लिनिकलचे तास. नुसती गुणपत्रिका 'पेपर १, पेपर २' एवढंच सांगते, त्यावरून तिकडचा माणूस युनिट्स कशी काढणार? सायकोडायग्नोस्टिक रिपोर्ट आणि थेरपी रेकॉर्ड सादर केल्याचा दाखला असेल तर तोही ठेवा; रुग्णांची नावं असलेली मूळ फाइल मात्र सोबत नेऊ नका.

नावाचा घोळ आत्ताच मिटवा. गुणपत्रिकेवर माहेरचं आडनाव आणि वडिलांचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं, कुठे आडनाव आधी तर कुठे शेवटी. विवाह नोंदणीचा दाखला इंग्रजीत आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. पुढे परीक्षा केंद्रात ओळखपत्रावरचं नाव आणि परवानगीपत्रावरचं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत, आणि फी जाते.

आर.सी.आय.ची नोंदणी सोडू नका. पाच वर्षांनी नूतनीकरण, त्याला सी.आर.ई.चे (नोंदणीनंतरच्या सततच्या प्रशिक्षणाचे) गुण लागतात. ऑनलाइन कार्यक्रमांची सोय बघून आत्ताच जमवायला लागा. आणि तिथे बसून इकडचे क्लायंट घ्यायचा विचार असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. फी रुपयांत भारतातल्या खात्यात आली म्हणून ते काम ठरत नाही, अशा समजात राहू नका.