अनुभव धागा: फ्रेंच बँक खात्यातून ऑनलाइन पैसे पाठवताना

रोनकाठची, लियों

दर सप्टेंबरला फ्रान्समध्ये नवी मराठी मुलं येतात आणि दिवाळीपर्यंत सगळ्यांचे तेच प्रश्न सुरू होतात. घरमालकाला डिपॉझिट पाठवायचंय, पण ॲप म्हणतंय थांबा. आईबाबांना पैसे पाठवायचेत, पण फॉर्म आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) मागतोय आणि भारतात आयबॅन नसतोच. प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगत बसण्यापेक्षा सगळ्यांनी आपापले अनुभव एका जागी लिहावेत म्हणून हा धागा. बँकांची नावं घेऊन भांडणं नकोत. काय झालं आणि कसं सुटलं तेवढं लिहा.

सुरुवात माझ्यापासून. इथे पैसे पाठवणं दोन मिनिटांचं काम आहे. ते कोणाला पाठवायचे हे बँकेला पटवण्यात खरा वेळ जातो. आधी समोरच्याकडून त्याचा रिब मागून घ्यायचा. रिब म्हणजे खात्याची कुंडलीच: ५ अंकी बँक कोड, ५ अंकी शाखा कोड, ११ अंकी-अक्षरी खाते क्रमांक आणि २ अंकी किल्ली. या २३ खुणांच्या आधी एफआर आणि दोन तपासणी अंक जोडले की २७ खुणांचा आयबॅन होतो. तो ॲपमध्ये घालून त्या माणसाला बेनेफिसियेर, म्हणजे पैसे घेणारा, म्हणून जोडायचं, मोबाइलवर मान्यता द्यायची, आणि मग काही बँका लगेच पैसे पाठवू देतात, काही एक-दोन दिवस थांबवतात, काही त्याहून जास्त. म्हणून घराचा करार हातात पडला की त्याच संध्याकाळी मालकाचा रिब जोडून ठेवा. भाड्याची तारीख उजाडायची वाट बघू नका.

आणखी एक. साधा व्हिरमाँ, म्हणजे खात्यातून खात्यात पैसे पाठवणं, शनिवार-रविवारी हलत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. गुड फ्रायडेचं मात्र लक्षात राहत नाही, कारण आल्सास-मोझेल सोडलं तर फ्रान्सला त्या दिवशी सुट्टीच नसते. पण बँकांमधले युरो व्यवहार मिटवणारी युरोपची टार्गेट यंत्रणा गुड फ्रायडे आणि ईस्टर सोमवार दोन्ही दिवस बंद असते. गुरुवारी रात्री पाठवलेले पैसे थेट मंगळवारी. एप्रिलचं भाडं ईस्टरच्या आसपास येत असेल तर मालकाला आधीच सांगून ठेवा.

गुलाबी_शहरातून, तुलूझ

छान धागा. माझा अनुभव फोनचा.

इथल्या बहुतेक बँकांत लॉगिन म्हणजे ग्राहक क्रमांक आणि ६ अंकी कोड. तो कोडसुद्धा कीबोर्डवर टाइप करायचा नाही, पडद्यावर दर वेळी अंकांच्या जागा बदललेल्या असतात, त्यावर टिचक्या मारायच्या. एवढं झालं की आपलं शिल्लक दिसते. पण नवा बेनेफिसियेर जोडायचा असेल तर सप्टेंबर २०१९ पासून युरोपच्या नियमानुसार दुसरी खात्रीही लागते, म्हणजे बँकेच्या ॲपमधली मान्यता. प्रत्येक बँकेने तिला वेगळं नाव दिलंय. कुठे क्ले दिजिताल, कुठे सेक्युरिपास, कुठे सेर्तिकोड प्लुस. काम एकच, आणि ते ठरावीक फोनलाच बांधलेलं असतं.

मी सुट्टीत साताऱ्याला गेलो होतो आणि फोन गेला. नवा घेतला, ॲप टाकलं, आणि बँकेने कळवलं की फोन नोंदवण्याचा कोड टपालाने पाठवलाय. टपालाने! तोही तुलूझच्या पत्त्यावर. शेवटी शेजारच्या आजींनी टपालपेटीतून पाकीट काढून फोनवर आकडे वाचून दाखवले. त्यांचं दक्षिणेकडचं फ्रेंच आणि आमच्या गच्चीवरचं नेटवर्क, दोन्ही धन्य.

तेव्हापासून भारतात जाताना जुना फोनही चालू स्थितीत सोबत ठेवतो. फ्रेंच सिम बंद करायचं नाही, अगदी २ युरोचा प्लॅन ठेवा, पण ठेवा.

ब्रेतान्यची_पाहुणी, रेन

फोनबद्दल +१. माझ्या भारतीय ॲप-स्टोअर खात्यावर फ्रेंच बँकेचं ॲप दिसतच नव्हतं. देश बदलल्यावर दिसलं. विद्यार्थ्यांनी हे आधी बघा.

सह्याद्री_ते_आल्प्स, ग्रेनोब्ल

नावाबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही अजून?

९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना पैसे पाठवण्याआधी आयबॅन आणि नाव जुळतंय का हे तपासून दाखवावं लागतं. उत्तरं चार प्रकारची येतात: जुळलं, जवळपास जुळलं, जुळलं नाही, तपासता आलं नाही. जवळपास जुळलं तर बँक खरं नाव दाखवते. जुळलं नाही तरी पुढे जाता येतं, पण मग पैसे चुकीच्या खात्यात गेले तर जबाबदारी आपली.

फ्रेंच माणसाला यात काही वाटत नाही. आपली गोष्ट निराळी. आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. इथली बँक ती दोन्ही आपलीच नावं समजते. त्यात इथे जन्माचं आडनाव आणि वापरातलं आडनाव असे दोन वेगळे रकाने. माझ्या पगाराच्या कागदांवर माहेरचं आडनाव, बँकेत सासरचं, आरोग्य विम्यावर दोन्ही. ऑफिसातल्या मैत्रिणीने सहलीचे पैसे पाठवताना माझं रोजचं नाव घातलं तर तिच्या ॲपवर लाल पट्टी आली. ती घाबरली आणि मला फोन करून विचारते, हे खातं तुझंच ना?

उपाय साधा आहे. कोणालाही तोंडी किंवा मेसेजमध्ये आयबॅन देऊ नका. ॲपमधून रिबची पीडीएफ उतरवून तीच द्या, आणि सांगा की नाव त्यावर आहे तस्संच लिहा. नवऱ्याला हे पटत नव्हतं, त्याच्या नावाला लाल पट्टी आली तेव्हा पटलं.

पुणेरी_पॅरिसकर

भारतात पैसे पाठवण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण यावर अर्धवट माहिती फार फिरते.

बँकेतून थेट पाठवायचे तर तो आंतरराष्ट्रीय व्हिरमाँ. तो सेपाबाहेरचा (सेपा म्हणजे युरोपातल्या युरो व्यवहारांचं सामायिक क्षेत्र), त्यामुळे फॉर्म वेगळा. काही ऑनलाइन बँकांच्या ॲपमध्ये तो पर्यायच नसतो. फॉर्ममध्ये आयबॅनच्या जागी भारतातला खाते क्रमांक आणि सोबत स्विफ्ट कोड, म्हणजे बँकेचा आंतरराष्ट्रीय कोड. इथे बरेच जण आयएफएससी घालतात, कारण तोही ११ खुणांचा. ओळखायची खूण: आयएफएससीत पाचवी खूण कायम शून्य असते. स्विफ्ट ८ किंवा ११ खुणांचा असतो आणि त्यात पाचवं-सहावं अक्षर देशाचं, म्हणजे आय एन.

वडिलांचं खातं गावच्या सहकारी बँकेत असेल तर आधी शाखेत चौकशी करा. अशा बऱ्याच शाखांना स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो, पैसे दुसऱ्या मोठ्या बँकेमार्फत यावे लागतात. आमच्या बाबांनी शेवटी राष्ट्रीयीकृत बँकेत वेगळं खातं उघडलं, आणि गावच्या बँकेतल्या मॅनेजरकाकांना वाईट वाटू नये म्हणून तिथलं पण चालू ठेवलं.

खर्चाचे तीन पर्याय येतात. सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, दोघांत वाटून, किंवा सगळा घेणाऱ्याचा. वाटून घेतलं की मधली बँक वाटेतच काही कापून घेते आणि आईचा फोन येतो, अरे एवढेच का आले? पण खरी कात्री शुल्कात नसते, विनिमय दरात असते. शुल्क ठळक अक्षरात लिहितात, दर कोणी मोठ्याने सांगत नाही. त्या दिवशीचा बाजारातला दर उघडून ठेवा, बँक देत असलेल्या दराशी ताडून बघा, मग ठरवा.

मी वाइझ ही परदेशी पैसे पाठवायची ऑनलाइन सेवा वापरतो. त्यात आपल्या फ्रेंच खात्यातून युरो साध्या सेपा व्हिरमाँने त्यांच्या बेल्जियमच्या आयबॅनवर जातात आणि भारतात रुपये जमा होतात. एक लक्षात ठेवा: परदेशी आयबॅन पहिल्यांदाच जोडला की काही फ्रेंच बँका रक्कम रोखून धरतात आणि बँकेतल्या आपल्या सल्लागाराचा फोन येतो. रागावू नका. स्वतः फोन करून सांगितलं की सुटतं. पहिल्या वेळी छोटी रक्कम पाठवा.

जुना_पॅरिसकर

मुलांनो, ॲप अडलं की एवढे वैतागता, म्हणून सांगतो. मी इथे आलो तेव्हा घरोघरी मिनिटेल होतं. टेलिफोन खात्याने दिलेला छोटा पडदा आणि कीबोर्ड. ऐंशीच्या दशकात आम्ही त्यावरून घरबसल्या खात्यातली शिल्लक बघायचो, एका खात्यातून दुसऱ्यात पैसे वळवायचो. मिनिटांवर पैसे पडायचे, म्हणून आकडे आधी कागदावर लिहून मगच बसायचं. ते सगळं ३० जून २०१२ ला बंद झालं.

त्यामुळे फ्रेंच लोक मागे आहेत असं म्हणू नका. त्यांनी लवकर सुरुवात केली आणि मग तिथेच निवांत बसले. आजही इथे चेकबुक मिळतं आणि चेक १ वर्ष ८ दिवस चालतो. पुतण्याच्या मुलाच्या शाळेची सहल अजून चेकनेच होते.

मार्सेय_मामा

काका, दंडवत!

इन्स्टंट व्हिरमाँचं सांगतो. पूर्वी त्याला साधारण एक युरो घ्यायचे. ९ जानेवारी २०२५ पासून साध्या व्हिरमाँपेक्षा जास्त शुल्क घेता येत नाही, आणि साधा बहुतेक ठिकाणी फुकट असतो, म्हणून हाही फुकट. १० सेकंदांत पोचतो, रविवारीही, ईस्टरलाही. भारतात आयएमपीएस २०१० पासून आहे हे इथल्या सहकाऱ्यांना सांगितलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. आयफेल टॉवरचं तिकीट २०२४ पासून यूपीआयने काढता येतं हे सांगून मी शेवटचा घाव घालतो.

मात्र इन्स्टंट गेला की परत बोलावता येत नाही. ओएलएक्ससारख्या ठिकाणी सोफा घेताना, खोलीचं आगाऊ भाडं भरताना तो वापरू नका. मित्रांना पैसे द्यायला वेरो (युरोपीय बँकांची मोबाइल पेमेंट सेवा) बरं, फोन नंबरवर चालतं.

ब्रेतान्यची_पाहुणी, रेन

परत मीच. आले तेव्हा फ्रेंच बँकेने खातं उघडायला पत्त्याचा पुरावा मागितला आणि घरमालकाने घर द्यायला बँक खातं. या चक्रातून सुटायला मोबाइल बँकेचं खातं उघडलं. त्याचा आयबॅन लिथुआनियाचा निघाला. वीज कंपनीने आणि अर्धवेळ नोकरीवाल्यांनी तो नाकारला, म्हणे एफआरच पाहिजे.

हे बेकायदेशीर आहे. युरोपचा २०१२ चा २६० क्रमांकाचा नियम आहे, कलम ९. सेपातला कोणताही आयबॅन चालायला हवा. मी तो नियम जोडून नम्र ईमेल लिहिली आणि नोकरीवाल्यांनी दुसऱ्या दिवशी मान्य केलं. वीजवाल्यांना मात्र ग्राहक संरक्षण खात्याकडे तक्रार करेन असं कळवावं लागलं.

आणि कोणतीच बँक खातं उघडत नसेल तर नकाराचं पत्र मागून घ्या. ते आणि बाकीचे कागद बाँक द फ्रान्सकडे, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेकडे, दिले की कागद पूर्ण असतील तर एका कामकाजाच्या दिवसात ते एक बँक नेमून देतात. त्या बँकेला मूलभूत सेवांचं खातं द्यावंच लागतं. हा हक्क आहे, उपकार नाही. आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतो.

नांतकर

घर घेतलं तेव्हाचा अनुभव, जरा लांब आहे.

फ्रान्समध्ये घराचा व्यवहार नोतेरकडे, म्हणजे खरेदीखत करणाऱ्या सरकारमान्य कायदेतज्ज्ञाकडे, होतो आणि ३,००० युरोच्या वरची रक्कम त्याला व्हिरमाँनेच द्यावी लागते. आपल्या खात्याची रोजची मर्यादा, ज्याला इथे प्लाफों म्हणतात, त्यापेक्षा घराची रक्कम कितीतरी मोठी. मर्यादा तात्पुरती वाढवून घ्यायला सल्लागाराला लिहावं लागतं, आणि ते ऑगस्टमध्ये करू नका. ऑगस्टमध्ये सल्लागार समुद्रावर असतो.

आता महत्त्वाचं. सही जवळ आली आणि नोतेरच्या कार्यालयाकडून ईमेल आली, आमचं खातं बदललंय, नवा रिब जोडला आहे. लेटरहेड तेच, सहीखालचा मजकूर तोच, फाइल क्रमांकही बरोबर. फक्त ईमेल पत्त्यात एक अक्षर जास्त. बायकोने रिब बघितला आणि म्हणाली, हा बँक कोड वेगळाच आहे. नोतेर लोक गिऱ्हाइकांचे पैसे केस दे देपो या सरकारी संस्थेतल्या खात्यात ठेवतात आणि तिचा बँक कोड ४००३१. आयबॅनमध्ये एफआर आणि दोन अंकांनंतर लगेच तो दिसतो. या नव्या रिबवर तो नव्हता. आम्ही जुन्या कागदांवरच्या नंबरवर फोन केला. त्यांनी काही पाठवलंच नव्हतं.

घर घेणाऱ्या प्रत्येकाने हे पाच आकडे लिहून ठेवा. आणि रिब ईमेलने आला तरी फोनवर वाचून पडताळा, फोन नंबर त्या ईमेलमधला घेऊ नका.

गुलाबी_शहरातून, तुलूझ

वहिनींना साष्टांग नमस्कार.

खोट्या सल्लागाराच्या फोनबद्दलही सांगायला हवं. आमच्या ओळखीच्या एकांना फोन आला, पडद्यावर बँकेचाच नंबर. तुमच्या खात्यातून कोणीतरी पैसे काढतंय, थांबवायला ॲपमध्ये मान्यता द्या. ती मान्यता म्हणजे नवा बेनेफिसियेर जोडणं होतं. बँकेने आधी हात वर केले, तुम्हीच मान्यता दिली म्हणून. पण २३ ऑक्टोबर २०२४ ला इथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात ग्राहकाचा घोर निष्काळजीपणा मानला नाही. त्याचा दाखला देऊन त्यांनी पत्र पाठवलं आणि पैसे परत मिळाले. आपण मान्यता न दिलेल्या व्यवहाराची तक्रार करायला १३ महिने असतात, पण कळल्या कळल्या करा.

रोनकाठची, लियों

भरभरून लिहिल्याबद्दल सगळ्यांचे आभार. भारतातल्या खात्यांबद्दल एक राहिलं, ते मीच लिहिते. अनिवासी भारतीयांचं एनआरई असो, एनआरओ असो की कॉलेजातलं जुनं बचत खातं, फ्रान्सचे करनिवासी असाल तर दरवर्षी विवरणपत्रासोबत ३९१६ क्रमांकाच्या फॉर्मवर ती सगळी जाहीर करायची. न केल्यास एका खात्यामागे १,५०० युरो दंड होऊ शकतो.

सह्याद्री_ते_आल्प्स, ग्रेनोब्ल

ताई, मागच्या वर्षी बंद केलेलं खातंपण दाखवायचं का? त्यात तसंही काही नव्हतं.

रोनकाठची, लियों

हो, ज्या वर्षी बंद केलंत त्या वर्षाच्या विवरणपत्रात दाखवायचं. शिल्लक शून्य असली तरी. फॉर्ममध्ये बंद केल्याच्या तारखेचा रकाना आहे, तो भरा आणि बँकेचं पत्र जपून ठेवा.