पाती लांबवा की वजन उतरवा?

ओझरवाला (धागाकर्ता)

हेलिकॉप्टरची उचल वाढवायची म्हटलं की आपल्याकडे चर्चा थेट इंजिनावर जाते. माझ्या मते ती वजनापासून सुरू व्हायला हवी.

हॉवर करताना, म्हणजे हवेत एका जागी थांबून राहताना, हवा खाली ढकलायला लागणारी ताकद वजनाच्या दीडाव्या घाताने वाढते. वजन १० टक्के उतरवलं की ती ताकद जवळजवळ १५ टक्क्यांनी कमी लागते. त्याऐवजी रोटरचा, म्हणजे वरच्या फिरत्या पंख्याचा, व्यास १० टक्के वाढवला, तर वाचतात ९ टक्के. तेही वजन तेवढंच राहिलं असं धरून, आणि ते राहत नाहीच. पाती लांब झाली की शेपटी लांब करावी लागते. टोकाचा वेग आवरायला फेरे कमी करावे लागतात, फेरे कमी झाले की टॉर्क (दांड्याला पिळणारा जोर) वाढतो, आणि टॉर्क वाढला की गिअरबॉक्स जड होतो.

'प्रचंड' या आपल्या लढाऊ हेलिकॉप्टरचंच बघा. पहिला नमुना ठरवलेल्या वजनापेक्षा जड निघाला आणि पुढच्या नमुन्यांत किलो किलो करत छाटणी करावी लागली.

कोथरूडचे काका

गणित मान्य. पण हिमालयातला सगळ्यात मोठा दाखला तुमच्या विरुद्ध जातो, तो सोयीस्करपणे गाळलात.

सियाचीनच्या चौक्यांना दशकानुदशकं रसद पोचवणारं 'चीता' म्हणजे फ्रेंचांचं 'लामा' हेलिकॉप्टर. १९६८ मध्ये भारतीय सैन्याच्या मागणीवरून फ्रेंचांनी ते बनवायला घेतलं, १९६९ मध्ये पहिलं उड्डाण झालं. केलं काय? अलुएट-२ या आधीच्या फ्रेंच हेलिकॉप्टरच्या सांगाड्यावर अलुएट-३ चं इंजिन आणि रोटर बसवले. व्यास १०.२ मीटरवरून ११ मीटरवर गेला. सांगाडा हलका केला नाही, उलट मजबूत करावा लागला! १९७२ मध्ये याच लामातून वैमानिक जाँ बुले १२,४४२ मीटरवर पोचले. यात कात्री कुठे दिसली तुम्हाला?

ओझरवाला

काका, तुम्ही अलुएट-२ कडून बघताय, मी अलुएट-३ कडून बघतो. अलुएट-३ म्हणजे आपलं 'चेतक'. चीतात रोटर चेतकचा, इंजिन चेतकचं, फक्त अंग चेतकचं नाही. बंदिस्त शेपटीच्या जागी उघडी जाळी, मोठ्या केबिनच्या जागी काचेचा बुडबुडा. रिकामं वजन शंभरेक किलोंनी कमी. तोच पंखा, तीच ताकद, हलकं धूड. हीच तर कात्री!

निमिषा_रो

दोघांनाही एक विचारते. छाटायचं म्हणता, ते नक्की काय? जड गोष्टींत दुसरं इंजिन येतं, आदळल्यावर कणा वाचवणाऱ्या सीट येतात, न फुटणाऱ्या इंधनटाक्या येतात. कागदावर सगळं 'वजन'च असतं.

पात्यांचंही तेच. हलकी पाती ऐकायला छान वाटतात, पण इंजिन बंद पडल्यावर उतरायला पात्यांत साठलेली गतीच कामी येते. रॉबिन्सन आर-२२ चा रोटर इतका हलका आहे की इंजिन गेल्यावर कलेक्टिव्ह (पात्यांचा कोन बदलणारा दांडा) खाली करायला वैमानिकाच्या हातात जेमतेम एखाद-दोन सेकंद असतात. तिथे दोन किलो वाचवल्याचं कौतुक कोण करणार?

ओझरवाला

सीट काढा असं मी म्हटलेलंच नाही. कार्बन फायबर, कमी सांधे, बिजागऱ्यांशिवायचा रोटर हब (पाती जोडणारा मधला भाग), अशी छाटणी म्हणतोय. आपल्या 'ध्रुव' हेलिकॉप्टरमध्ये ती झालेली आहे. आणि २००५ मध्ये एएस-३५० हेलिकॉप्टर एव्हरेस्टच्या माथ्यावर टेकलं, तेव्हाही आधी आतलं सामानच बाहेर काढलं होतं.

निमिषा_रो

विक्रमाच्या उड्डाणात सीट काढता येतात हो. जखमी जवानाला आणायला गेलेल्या हेलिकॉप्टरमधून काढून बघा.

भिंगरी

मधेच नाक खुपसतो. टोरोंटोच्या मंडळींचं 'ॲटलस' आठवा. २०१३ मध्ये माणसाने पायडल मारून ६४ सेकंद हवेत ठेवलेलं हेलिकॉप्टर. चार रोटर, प्रत्येक सुमारे २० मीटर व्यासाचा, आणि अख्खं यंत्र ५५ किलोंचं. ३३ वर्षं कुणाला न मिळालेलं सिकॉर्स्की बक्षीस त्यांनी नेलं. मोठा पंखा हवा तर वजन उतरवावंच लागतं, ही दोन वेगळी मतं नाहीतच.

कोथरूडचे काका

उदाहरण झकास, पण ते बंदिस्त स्टेडियममध्ये, जमिनीलगत उडालं. खारदुंगच्या वाऱ्यात ती पाती घेऊन जा, मग बोलू.

आता माझा शेवटचा मुद्दा. चीताचं कमाल वजन १,९५० किलो, म्हणजे रोटरच्या चकतीच्या दर चौरस मीटरवर साधारण २० किलो. त्याची जागा घ्यायला हिंदुस्तान एरोनॉटिक्सने (एचएएल) केलेलं एलयूएच हे हलकं हेलिकॉप्टर ३,१५० किलोंचं, रोटर ११.६ मीटरचा, म्हणजे दर चौरस मीटरवर ३० किलो. ना पंखा त्या प्रमाणात वाढला, ना वजन उतरलं. भार उचलायचं काम 'शक्ती' नावाच्या इंजिनावर टाकलं. आज ड्रॉइंग बोर्डावर बसलेल्यांनी तुम्हालाही ऐकलं नाही आणि मलाही.

ओझरवाला

ते ३० किलो पूर्ण भाराचे, काका. ६,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या निम्म्याहून जराच जास्त, तिथे पूर्ण भाराने कुणी जात नाही. परतीपुरतं इंधन ठेवून बाकी सगळं खालच्या तळावर उतरवतात. म्हणजे कारखान्यात न छाटलेलं वजन वैमानिक रोज हेलिपॅडवर छाटतो, आणि त्यात पहिला बळी रसदीचा जातो.